बाईंना काय द्यायचे, आजी?

श्रावण सरत येतो तेव्हा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात भातखाचरे हिरवीगार झालेली असतात. डोंगरमाथ्यावरचे धुके दुपारीही विरत नाही. अशा एखाद्या दिवशी शाळेतून आलेले नातवंड दप्तर खुंटीला अडकवता अडकवता विचारते, "आजी, शिक्षक दिनाला बाईंना काय द्यायचे?"

हा प्रश्न आईऐवजी आजीला विचारला जातो, यालाही कारण आहे. या डोंगरी गावांतील कितीतरी तरुण जोडपी मजुरीसाठी पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात, नारायणगाव-मंचरकडे उतरतात. टोमॅटोची तोडणी, कांद्याची लावण, द्राक्षबागेतील कामे, जे मिळेल ते करतात. कोणी चाकणच्या कारखान्यांत, कोणी पुण्या-मुंबईस असते. मागे घर, गुरे आणि शाळकरी नातवंडे सांभाळायला राहतात ती आजी-आजोबा. पूर्वेकडील सधन गावांतही आई-वडील दोघे नोकरीवर असले की मुलाची शाळा आजोबांच्याच हाती येते. त्यामुळे भेटवस्तूचा हा लहानसा प्रश्न अखेर ज्येष्ठांपाशी येऊन थांबतो.

प्रश्न लहान असला तरी मनाला घोर लावणारा असतो. शेजारच्या मुलाने मोठी भेट नेली आणि आपले नातवंड रिकाम्या हाताने गेले तर त्याला काय वाटेल? श्रावणबाळ योजनेचे जे थोडे पैसे येतात त्यातून काही आणावे काय? रक्तदाबाच्या गोळ्या पुढच्या आठवड्यात आणल्या तर चालेल काय? या शेवटच्या विचाराशी मात्र वाचकांनी क्षणभर थांबावे. गोळ्यांचे पैसे मोडून घेतलेली भेट कोणत्याही शिक्षकाला नको असते. शिक्षकाला नेमके काय हवे असते, ते शांतपणे पाहिले तर हा घोर बराचसा हलका होईल.

दानाच्या जुन्या खुणा

जुन्नरच्या भूमीला देण्याची रीत नवी नाही. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या नावाशी जोडला गेलेला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची त्यात यादीच कोरलेली आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. राजघराण्याला शोभेल असे ते देणे होते.

त्याच परिसरात, जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांमध्ये, छोटे छोटे दानलेखही आहेत. एका लेखात एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे, तर दुसऱ्या लेखात दुसऱ्या एका यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिल्याची. त्या दात्यांनी भिक्षूंचे रोजचे जगणे पाहिले असावे. डोंगरावर राहणाऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागते आणि चार जणांना बसून जेवायला जागा लागते, हे त्यांना कळले होते. घेणाऱ्याची गरज ओळखून दिलेले दान कसे असते, याचा इतका सरळ धडा शोधूनही सापडणार नाही.

ओतूरला बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. संत तुकाराम महाराजांना स्वप्नात अनुग्रह देणारे गुरू ते हेच, अशी परंपरा आहे. या स्वप्नाचे वर्णन तुकोबांनी स्वतःच्या अभंगात केले आहे. त्या भेटीत गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, असे ते सांगतात. गुरूंनी मागितले ते एवढेच, आणि तेही द्यायचे राहून गेले. मंत्र मात्र मिळाला. वारकरी घरांतील वडीलधाऱ्यांना ही कथा ठाऊकच असते. भेट चुकली म्हणून विद्या अडत नाही, हा दिलासा तिच्यात आहे.

दसऱ्याला आपट्याची पाने देताना आपण कौत्साची गोष्ट सांगतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'त पाचव्या सर्गात ती येते. वरतंतू ऋषींना शिष्याकडून काहीच नको होते. त्याची सेवा हीच दक्षिणा, असे ते म्हणत होते. कौत्साने पुन्हा पुन्हा आग्रह धरला तेव्हा त्रासून त्यांनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. मग रघुराजाकडे धाव, कुबेराकडून सुवर्णवृष्टी, हा सारा प्रपंच झाला. मराठी घरांत या कथेचा शेवट सोने लुटण्यावर होतो. तिचा आरंभही मुलांना सांगण्यासारखा आहे : गुरू 'नको' म्हणत असताना शिष्याने हट्ट धरू नये.

भेटीचे ओझे

५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. १९६२ पासून तो शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. त्याआधी आषाढात गुरुपौर्णिमा येऊन गेलेली असते. ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती येते आणि उन्हाळ्यात चौथीच्या किंवा सातवीच्या मुलांचा निरोप समारंभ. म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा हा प्रश्न घरात येऊ शकतो.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना सेवेचे वर्तणूक नियम लागू असतात आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर मर्यादा आहेत. रोख रक्कम, दागिना, महागडी वस्तू किंवा दुकानाचे मोठ्या रकमेचे कूपन दिल्याने शिक्षकाचा सन्मान होत नाही, उलट तो अडचणीत येतो. नाकारावे तर पालक दुखावतात आणि घ्यावे तर नियम आड येतो. परीक्षेच्या किंवा निकालाच्या तोंडावर दिलेली भेट तर साधी असली तरी तिचा वेगळा अर्थ लावला जाऊ शकतो. भेट द्यायचीच तर अशी वेळ टाळावी.

दुसरे ओझे मुलांवर पडते. वर्गात वीस मुले असली आणि आठ जणांच्या हातांत रंगीत कागदात गुंडाळलेले डबे असले, तर उरलेल्या बारा जणांची नजर जमिनीकडे जाते. आदल्या दिवशी पोट दुखण्याची तक्रार अचानक सुरू झाली तर त्यामागे हेही कारण असू शकते. अशा वेळी "नसते एकेक नखरे" असे म्हणून मुलाला गप्प करू नये. जवळ बसवून विचारावे. ते सांगेल.

यावर चांगला उपाय म्हणजे वर्गाची मिळून एक भेट. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचीच संख्या अधिक असते. समितीच्या बैठकीत आजोबांनी एवढे सुचवले तरी पुरे : कोणी स्वतंत्र भेट आणू नये, सर्व मुलांनी मिळून एकच द्यावी, आणि ज्याला वर्गणी जमणार नाही त्याचे नावही तिच्यावर तेवढ्याच ठळकपणे असावे.

शिक्षकाच्या प्रकृतीला मानवेल ते

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर नेहमीच्या भेटींपैकी काही वस्तू तपासून घ्यायला हव्यात. पेढे आणि मिठाई सर्वांत सोपी; पण शिक्षकांनाही मधुमेह असतो आणि एकाच दिवशी दहा खोकी आली की ती वाटून टाकण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. घरचे लोणचे प्रेमाचे असते, परंतु रक्तदाब असणाऱ्याला त्यातील मीठ वर्ज्य असते. शेंगदाण्याची चिक्की एखाद्याला सोसत नाही. उग्र वासाचे अत्तर, धूप किंवा उदबत्ती दम्याच्या रुग्णाला त्रास देते.

औषधी वस्तूंबाबत अधिक जपावे. या डोंगरपट्ट्यात बाळहिरडा गोळा करून विकणे हे अनेक आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे आणि घशासाठी हिरडा चघळण्याची रीतही जुनी आहे. बाईंचा आवाज बसलेला ऐकून आजीला हिरडा पाठवावासा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि गरोदरपणात हिरडा वर्ज्य मानतात, आणि बाईंनी ते दिवस कोणाला सांगितलेले असतीलच असे नाही. ज्येष्ठमध वरचेवर आणि अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो. म्हणून औषध म्हणून काही न पाठवावे. प्रकृतीची विचारपूस मात्र जरूर करावी.

मग पाठवावे काय? शिक्षकाचा दिवस डोळ्यांसमोर आणला की उत्तर सुचते. लहान शाळांत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात आणि शिक्षक दिवसभर उभा राहून, आवाज चढवून शिकवतो. आवाज बसणे, घसा दुखणे, पाय भरून येणे हे या व्यवसायाचे नेहमीचे दुखणे आहे. अनेक शिक्षक जुन्नर, घोडेगाव किंवा मंचरहून दुचाकीने, पावसात, घाटरस्त्याने येतात. हे ध्यानात घेता वर्गाने मिळून दिलेली पाण्याची स्टीलची बाटली, एक चांगली छत्री, थंडीतील सकाळसाठी मफलर किंवा डोके पुसायला सुती पंचा, यांतील कोणतीही एक वस्तू रोज उपयोगी पडेल. वस्तू पिशवीत मावेल एवढी असावी. मोठी कुंडी किंवा काचेची तसबीर दुचाकीवरून नेणे किती अवघड जाते, याचा देणाऱ्याला विसर पडतो.

घरच्या शेतातले थोडेसे देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. पूर्वीच्या गावशाळेत पंतोजींचा निर्वाह पुष्कळसा पालकांनी दिलेल्या धान्यावर आणि शिध्यावर चालत असे. आज शिक्षकाला पगार मिळतो, तेव्हा पायलीभर धान्य देण्याची गरज उरलेली नाही. परंतु नव्या इंद्रायणी तांदळाचा पसाभर, नाचणीच्या पिठाची लहान पुडी किंवा सातगाव पठारावरचे चार बटाटे यांत घराची ओळख असते. असे देणे पसाभरच असावे. त्याहून वाढले की पुन्हा ओझे होते.

शाळेला दिलेली भेट तर सर्वांनाच पुरते. गोष्टींचे एखादे पुस्तक, प्रथमोपचाराची भरलेली पेटी, नकाशा, पावसाळ्यात दारापाशी अंथरायला जाड पायपुसणे यांसारख्या वस्तू वर्गाच्या नावाने द्याव्यात. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाईंबद्दल एक ओळ लिहावी म्हणजे भेट शाळेची आणि आठवण बाईंची होते.

चार ओळींचे पत्र

या सर्वांहून अधिक काळ टिकणारी भेट म्हणजे पत्र. जुन्नर हे एके काळी हातकागदाचे केंद्र होते. जुन्नरी कागदाला जुन्या दफ्तरांत मान होता. त्या गावाच्या परिसरात राहणाऱ्यांनी कागदाच्या एका पानाला कमी लेखू नये.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही लोकांना एक काम दिले होते. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले अशा व्यक्तीला आठवड्याभरात कृतज्ञतेचे पत्र लिहायचे आणि स्वतः जाऊन द्यायचे. ज्यांनी ते केले त्यांचे समाधान वाढले आणि उदासी उणावली. हा परिणाम महिनाभर टिकला, पुढे ओसरला. म्हणजे पत्राचे सुख लिहिणाऱ्यालाही मिळते आणि ते अधूनमधून पुन्हा मिळवता येते. घरात एकटेपणाने ग्रासलेल्या ज्येष्ठांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. आभाराचे पत्र लिहिणारे लोक 'आपले शब्द नीट जमतील काय', 'वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल काय' या चिंतेत असतात. वाचणाऱ्याला मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक आनंद होतो आणि अवघडलेपण फारच कमी वाटते. वाचणारा भाषेची सफाई पाहत नाही, त्यातला जिव्हाळा पाहतो.

आपल्याकडील कितीतरी आज्यांना अक्षरओळख नाही. काहींना आहे, पण मोतीबिंदूमुळे दिसत नाही किंवा हात थरथरतो. त्यांनी सांगावे आणि नातवंडाने लिहावे. सांगताना एक पथ्य पाळावे : 'तुम्ही फार चांगले शिकवता' असे मोघम न म्हणता एकच नेमकी गोष्ट सांगावी. उदाहरणार्थ,

"बाई, नमस्कार. आमची नात पहिलीत आली तेव्हा कोणाशी बोलत नव्हती. तुम्ही तिला रोज फळ्यावर तारीख लिहायला सांगितली. आता ती घरी मला तारीख सांगते आणि माझ्या गोळीची वेळही सांगते. तिचे आई-बाप कामावर लांब असतात. तुम्ही आहात म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. तुमचा घसा सांभाळा."

पत्राखाली आजीने आपला अंगठा उमटवावा किंवा तोडकीमोडकी सही करावी. लिहिणाऱ्या मुलानेही यातून पुष्कळ मिळवलेले असते. आपले शिक्षण आजीच्या कामी आले, हे त्याला त्या दिवशी कळते. शुद्धलेखनाच्या चुका राहू द्याव्यात. बाई त्या ओळखतील आणि हसतील.

आजोबांचा एक तास

वेळ हीदेखील भेट आहे. सप्टेंबर महिन्यात शाळांमधून आजी-आजोबा दिवसही साजरा होऊ लागला आहे. त्या निमित्ताने, किंवा शिक्षकांना विचारून अन्य दिवशीही, ज्येष्ठांनी शाळेत जाऊन तासभर मुलांमध्ये बसावे. कोणी जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवाव्यात, कोणी भाताच्या जुन्या वाणांची नावे सांगावीत, कोणी भीमाशंकरच्या रानातल्या शेकरूच्या घरट्याचे वर्णन करावे. तेवढा वेळ बाईंच्या घशाला विसावा मिळतो आणि मुलांना पुस्तकात नसलेले काही मिळते. गुडघेदुखी असेल तर खुर्ची मागून घ्यावी, पाण्याची बाटली आणि गोळ्या सोबत ठेवाव्यात आणि पाऊसपाणी पाहूनच निघावे. निसरड्या वाटेने एकट्याने जाऊ नये.

आपल्या गुरुजींकडे

नातवंडाची भेट ठरवताना ज्येष्ठांच्या मनात स्वतःचे गुरुजी उभे राहतात. ते हयात असतील तर यंदा त्यांच्याकडे जाऊन यावे. त्यांचे वय आता नव्वदीच्या आसपास असेल आणि विसराळूपणाही आला असेल. अशा भेटीत "मला ओळखलंत का?" असे विचारू नये. तो प्रश्न त्यांच्यासाठी परीक्षा होते आणि उत्तर आले नाही की दोघेही खिन्न होतात. आपले नाव, गाव आणि शाळेचे साल आपणच सांगावे, एखादे जुने छायाचित्र सोबत न्यावे आणि शाळेचीच आठवण काढावी. स्मृती क्षीण झालेल्यांची चलबिचल बहुधा सायंकाळी वाढते, म्हणून सकाळची वेळ बरी. शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला आधी विचारून घ्यावे. अर्धा तास पुरे. त्या काळजीवाहकाशीही दोन शब्द बोलावेत. त्याचे कौतुक क्वचितच कोणी करते.

जाताना नातवंडाला बरोबर घ्यावे. आजोबा एका वृद्ध माणसाच्या पायांशी वाकतात, हे दृश्य मुलाच्या मनात फार काळ राहते.

दिलेली भेट

डोंगरी भागातील लहान शाळांसमोर खरा प्रश्न असतो तो मुलांच्या हजेरीचा. आई-वडील कामाच्या गावी निघाले आणि मूलही त्यांच्याबरोबर गेले, की त्याची शाळा तुटते; परतल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आजी-आजोबा नातवंडाला गावात ठेवून घेतात तेव्हा ही शाळा तुटत नाही. सकाळी त्याला उठवणे, भाकरी बांधून देणे, पावसात सोबतीला फाट्यापर्यंत जाणे, ताप आला तर रात्र जागणे, हे सारे थकलेल्या शरीराने करावे लागते. सकाळी हजेरी घेताना 'हजर' असा आवाज येतो, त्याच्यामागे ही मेहनत असते आणि ती शिक्षकाला ठाऊक असते.

म्हणून यंदा नातवंडाने विचारले, "आजी, बाईंना काय द्यायचे?" तर त्याला जवळ बसवावे, वहीतले एक पान नीट फाडायला सांगावे आणि म्हणावे, "पेन्सिल घे. मी सांगते, तू लिही." पत्र लिहून झाले की घडी घालून दप्तरात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला वेळेवर शाळेत धाडावे.